मूळ प्रत वैशाखऱ्याला

तात्या वाचताना विरामचिन्हंही वाचायचे. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. मुरबाडच्या एसटी स्टँडवर उभे राहून ते फलक वाचत, "येथे थुंकू नये पूर्णविराम," आणि शेजारचा माणूस थुंकायचं विसरून त्यांच्याकडे बघत राही. त्यांच्या चुलतभावाच्या शोकसभेत श्रद्धांजलीचा कागद वाचायला त्यांना उभं केलं होतं. "आपल्या सर्वांचे लाडके स्वल्पविराम मनमिळाऊ स्वल्पविराम कष्टाळू" असं सुरू करून त्यांनी तो शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचला. गेलेल्या माणसाची बायको रडायची थांबली. पुढे कधीतरी ती मला म्हणाली, भाषणं पुष्कळ झाली, पण माझ्या लक्षात तेवढंच राहिलं.

यात नाटक काही नव्हतं, सवय होती. तात्या मुंबईच्या एका वर्तमानपत्रात प्रूफरीडर होते. त्यांच्या वेळी हे काम दोघं मिळून करत. एकानं मूळ प्रत, म्हणजे बातमीदारानं हातानं लिहिलेला कागद, मोठ्यानं वाचायचा, सगळ्या चिन्हांसकट. दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवून चुका पकडायच्या. तात्यांनी आधी काही वर्षं वाचलं आणि मग उरलेली वर्षं पकडलं. नोकरी होती तोवर गाडीची सोय म्हणून खर्डीला राहिले. निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, ते मुरबाडला मुलीकडे, सुजाताकडे आले. मुरबाडला रेल्वे नाही. त्यांना करमेना, आणि स्टँडसमोर माझं दुकान होतं. माझं नशीब, दुसरं काय.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स. पहिल्यांदा आले ते आधारकार्डाची झेरॉक्स काढायला. झेरॉक्स राहिली बाजूला, बाहेर उभे राहून माझ्या दुकानाची पाटी वाचायला लागले. मग आत येऊन शांतपणे म्हणाले, "बाय, पाटीवर चार चुका आहेत. एक मी सोडून देतो." मी तेव्हा तापटच होते, आता थोडी कमी आहे. मी म्हटलं, आजोबा, चुकांसकट गिऱ्हाईक येतंय ना? ते म्हणाले, "येतंय. पण पुन्हा येताना मनात काय म्हणत असेल?" त्या प्रश्नानं माझी दोन दिवस झोप गेली. तिसऱ्या दिवशी मी पाटी बदलली. चारही चुका काढल्या. कुठली एक ते सोडून देणार होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग लॅमिनेशनच्या मशीनशेजारचं स्टूल त्यांचं झालं. मी मूळ प्रत वाचायची आणि त्यांनी पडद्यावर बघायचं, असं आमचं सुरू झालं. मी चिन्हं गाळून वाचलं की ते "हं?" एवढंच म्हणत आणि थांबून राहत. शेवटी मलाही सवय लागली. घरी नवऱ्याला बाजाराची यादी वाचून दाखवताना "कांदे स्वल्पविराम मिरच्या स्वल्पविराम" म्हणून गेले. नवरा म्हणाला, स्वल्पविराम कितीचे आणू? त्याला तो विनोद बरेच दिवस पुरला.

तात्यांचा खरा जीव अवतरणचिन्हांत होता. ऱ्हस्वदीर्घाचं ते हसून सोडून देत. पण दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य आलं की चष्मा काढून पुसायचे. "ही दोन चिन्हं म्हणजे दुसऱ्याच्या घराची दारं. आत शिरताना विचारायचं. आतली वस्तू हलवायची नाही, आणि आपली आत ठेवून यायची नाही," असं म्हणायचे. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला. त्याचा कार्यकर्ता एका थोर माणसाचं वचन घेऊन आला होता. तात्यांनी विचारलं, मूळ प्रत कुठाय? तो म्हणाला, मोबाईलवर आलंय. तात्या म्हणाले, मग खाली मोबाईलचं नाव टाका. कार्यकर्त्यानं जरा विचार केला आणि चालेल म्हणाला. मुरबाडच्या तीन हात नाक्यावर तो फ्लेक्स दोन आठवडे होता. भलंमोठं वचन, आणि त्याखाली रेघ मारून ‘मोबाईल’. कुणी काही बोललं नाही.

हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी, की अशा या माणसानं एकदा, भर उमेदीत, दुसऱ्याच्या वाक्यातल्या दोन ओळी कापल्या होत्या. त्या दोन ओळींत एका बाईची जागा होती. ती चूक त्यांना मरायच्या आत दुरुस्त करायची होती, आणि तिच्या तोंडून "झालं गेलं" एवढं ऐकायचं होतं. हे मला फार उशिरा कळलं. आधी मला वाटलं, हा नेहमीसारखा स्वल्पविरामाचाच वाद आहे.

वाद आणला भास्करनं. भास्कर तात्यांच्या गावचा, खर्डीच्या पलीकडचा, ठाण्याला नोकरीला. गावातल्या वस्तीत जुनं समाजमंदिर पाडून मुलांसाठी अभ्यासिका बांधली होती, आणि भास्कर त्या कमिटीचा अध्यक्ष होता. ती जागा चाळीसेक वर्षांपूर्वी त्याच्या आजीनं, धोंडाबाईनं, वस्तीला दिली होती. अभ्यासिकेच्या दारात संगमरवरी पाटी लावायची होती. त्यावर धोंडाबाईचं वाक्य. अक्षरं मी जुळवायची, मग कल्याणचा कारागीर कोरणार. भास्करनं लिहून आणलेलं वाक्य असं होतं: “जागा मी देते पण, माझ्यासारखे अडाणी कोणी राहू नये.”

तात्या म्हणाले, स्वल्पविराम ‘पण’च्या आधी. भास्कर म्हणाला, आमच्या ऑफिसात ‘पण’नंतर देतात. तात्या म्हणाले, ऑफिसात पगारही उशिरा देतात, म्हणून तो नियम होतो का? सकाळी दहाला सुरू झालेलं हे साडेबारापर्यंत चाललं. लग्नपत्रिकेला आलेले दोघं बाकावर बसून ऐकत राहिले. कल्याणच्या जीपचा ड्रायव्हर कसलीशी झेरॉक्स काढायला आला होता, तोही थांबला. म्हणाला, "बाई बोलताना कुठंतरी थांबली असंल ना, तिथं टाका." तात्यांनी त्याच्याकडे मान वळवून बघितलं. इतक्या वर्षांत अकलेची गोष्ट फक्त हा बोलला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "भास्कर, ती असं बोललीच नव्हती रे. अडाणीबिडाणी तिचं नाही. ते पुढं भाषणं करणाऱ्यांनी चिकटवलं."

भास्करनं मोबाईल काढला. समाजमंदिरात वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण चौकटीत लावलेलं होतं, त्याचा फोटो त्याच्याकडे होता. दहा-बारा ओळींची बातमी. त्यात स्पष्ट छापलेलं: “जागा मी देते.” पूर्णविराम. भास्कर म्हणाला, बरं, अडाणी काढतो. एवढंच ठेवू. स्वल्पविरामाचा टंटाच मिटला. तुमच्याच पेपरातलं आहे तात्या, आता तरी पटलं? बाकावरचे दोघं हसले. तात्या हसले नाहीत. छत्री घेतली आणि घरी गेले.

आठ दिवस आले नाहीत. सुजाताला फोन केला तर म्हणाली, तब्येत बरी आहे, पण पप्पा जेवताना ताटाकडे बघत बसतात. नवव्या दिवशी आले, स्टुलावर बसले आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागले. ती बातमी त्यांनीच लिहिली होती. धोंडाबाईनं चावडीसमोर सगळ्या वस्तीत उभं राहून जागा दिली, तेव्हा ते तिथं हजर होते. घरी जाऊन लगेच त्यांनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दिलं. आपल्या गावची बातमी छापून येणार म्हणून छाती फुगली होती. पान लावताना दोन ओळी जास्त झाल्या. कुणाच्या तरी कापायच्या होत्या.

"दुसऱ्याच्या बातमीतल्या कापल्या असत्या तर म्हणाले असते, यशवंतानं आपल्या गावाचं राखलं," तात्या म्हणाले. "म्हणून मी माझ्याच कापल्या."

"त्या तुमच्या कुठं होत्या, तात्या?" मी म्हटलं. बोलले आणि जीभ चावली.

"नव्हत्या," ते म्हणाले.

धोंडाबाई खरं बोलली होती ते असं: “जागा मी देते, पण ती माझी नाय, माझ्या कमळीची हाय. ती हो बोलली म्हनून देते.” कमळी तिची मुलगी. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी परत आलेली. बापानं मरताना तो तुकडा तिला खोपट बांधायला म्हणून तोंडी दिला होता. तो समाजमंदिराला गेला. पुढं धोंडाबाई वारल्यावर कमळीनं भावाकडे, म्हणजे भास्करच्या वडिलांकडे, बदल्यात परसातली जागा मागितली. तेव्हा भावानं तिला ते चौकटीतलं कात्रण दाखवलं. आई म्हणते, जागा मी देते. तुझं नाव कुठाय यात? कमळीला वाचता येत नव्हतं. तिनं दुसऱ्याकडून वाचून घेतलं, आणि खरंच तिचं नाव नव्हतं. ती मावशीकडे वैशाखऱ्याला निघून गेली, मोलमजुरी करून तिथंच राहिली. तात्यांनी हे खर्डीला असताना ऐकलं होतं. ऐकून काही केलं नाही. मलाच कोण विचारतंय, असं म्हणून दिवस काढले.

मला फार राग आला. त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही. माणूस एवढा मायेचा, स्वल्पविरामासाठी कल्याणच्या जीपवाल्याचं ऐकणारा, आणि एका बाईचं घर जाताना गप्प बसला. तात्यांनीही चहा मागितला नाही. जाताना म्हणाले, "मूळ प्रत वैशाखऱ्याला आहे. येशील का गो माझ्यासोबत? एकट्यानं जायला धीर होत नाही."

गेलो. माळशेज घाटाच्या रस्त्यावर एसटीनं उतरून आत थोडं चालायचं होतं. कमळाबाई अंगणात ताडपत्रीवर नाचणी पसरत होत्या. साठी केव्हाच उलटलेली, हाडं काटक. त्यांनी तात्यांना लगेच ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत. तात्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. दोन ओळी, पान, कात्रण, आणि नंतर ऐकूनही गप्प बसलो ते. कमळाबाई नाचणीतले खडे वेचत ऐकत होत्या. त्यांचे हात काही थांबले नाहीत. मग तात्यांनी धोंडाबाईचं पूर्ण वाक्य म्हणून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का?

"बरोबर. आय तसंच बोलली," कमळाबाई म्हणाल्या. मग खडे अंगणाबाहेर टाकून आल्या. "पन मी हो बोललेच नव्हते. मला कोनी इचारलंच नाय. आयनं सगल्यांच्या म्होरं सांगितलं, तवा मला कळलं."

तात्या खाली बसले. जमिनीवरच. त्यांना वाटत होतं, कुठंतरी एक बरोबर वाक्य आहे, ते शोधून जागेवर ठेवलं की झालं. आणि ते बरोबर वाक्यच खोटं निघालं. मी त्यांचा हात धरला. मग मी कमळाबाईंना विचारलं, मावशी, मग पाटीवर काय लिहायचं?

"आता इचारता?" त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी बराच वेळ नाचणीवरून हात फिरवला. मग एकेक शब्द सांगितला आणि मी पर्समधल्या लग्नपत्रिकेच्या कच्च्या प्रतीमागे लिहून घेतला. “मला तवा कोनी इचारलं नव्हतं. आता इचारताय, तर हो.” तात्यांनी खालूनच मला वाचून दाखवायला सांगितलं. मी सवयीनं चिन्हांसकट वाचलं. कमळाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "स्वल्पविराम म्यां कवा बोलले?" असं त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं की बोलताना तुम्ही तिथं जरा थांबलात, त्याची ती खूण. त्या म्हणाल्या, थांबले खरी. मग ठेव.

निघताना तात्या हात जोडून म्हणाले, "कमळे, माझं चुकलं." कमळाबाईंनी तांब्या पुढं केला. "पानी पी यशवंता. तुजी गाडी जाईल." एवढंच. परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले. टोकावड्याचा फलक आला, सरळगावचा आला, त्यांनी वाचला नाही.

पुढच्या रविवारी गावात कमिटी बसली. तात्यांनी उभं राहून सांगितलं की ते कात्रण अपुरं आहे, आणि ते मी अपुरं केलं. ज्या गावात आपल्याला पेपरवाला म्हणून मान, तिथंच हे सांगायला किती जड गेलं असेल, ते त्यांच्या मानेवरून कळत होतं. भास्कर भडकला. त्याचंही खोटं नव्हतं. म्हणाला, आजीनं फुकट जागा दिली, आणि दारातच तिला खोटी ठरवायची? येणारी पोरं काय वाचतील? आणि ‘नाय’, ‘इचारलं’ संगमरवरावर? आपण शिकलो कशाला मग? यावर पुष्कळ माना हलल्या. तात्या म्हणाले, आपण शिकलो म्हणून त्यांची भाषा चुकीची होत नाही. त्यांनी दिलेल्या जागेवर बसूनच शिकलो. तरीही माना भास्करच्या बाजूनंच होत्या. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा सहज बोलल्यासारखं म्हणाला, कमळीचीच जागा होती ती, आमा सगल्यांना ठावं होतं. त्याच्या शेजारच्या दोन म्हाताऱ्याही हो म्हणाल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तात्यांएवढेच सगळे गप्प बसले होते.

भास्कर खाली बघत होता. ज्या घरात तो वाढला त्याच्या परसात ती बदल्यातली जागा होती, आणि तिथं आता त्याची मोटारसायकल उभी असते. शेवटी त्यानं एकच विचारलं, "आत्या येईल का पन?" तात्या म्हणाले, मी नाही सांगू शकत. तू जाऊन विचार.

भास्कर गेला विचारायला, हे त्याचं मी मानते. पाटी दोन वाक्यांची ठरली. वर धोंडाबाईचं, पूर्ण. खाली कमळाबाईंचं. दोघींची नावं सारख्याच मापाच्या अक्षरांत. कल्याणच्या कारागिरानं मला फोन करून विचारलं, ताई, ‘नाय’ चुकून पडलंय, ‘नाही’ करू का? मी म्हटलं, हात लावशील तर बघ. अक्षरांचा कागद तात्यांनी तीन वेळा तपासला. मी वाचलं, त्यांनी बोटानं धरलं. मग कोपऱ्यात सही करून ‘कोरण्यास हरकत नाही’ असं लिहिलं.

उद्घाटनाला कमळाबाई आल्या, भास्कर गाडी घेऊन आणायला गेला होता. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, वाच. मी वाचलं, या खेपेला चिन्हं मनातच ठेवून. त्यांनी दोन्ही वाक्यं ऐकली, स्वतःचं पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मान हलवली. पोरांच्या पंगतीत बसून जेवल्या. भास्करच्या पोरीला जवळ घेतलं. तात्या पूर्ण वेळ त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात, हातात टोपी. कमळाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. टाळायचं म्हणून नाही. तिथं कुणी उभंच नसल्यासारख्या वागल्या.

परतताना शहापूरला गाडी बदलायची होती. तात्यांनी स्टँडवर मला विचारलं, "काही बोलली का गो माझ्याबद्दल?" नाही म्हटलं. मुरबाडची गाडी लागली, आम्ही बसलो, तिकीट काढलं, आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. खरं सांगते, त्या दिवशी मला कमळाबाईंचा राग आला. एवढा म्हातारा माणूस गावासमोर नाक घासून आला, एक शब्द दिला असता तर काय बिघडलं असतं? आता वाटतं, शब्द त्यांचा होता. द्यायचा की नाही, तेही त्यांचंच.

तात्या त्यानंतर वर्षभर रोज येत राहिले. माझ्या पत्रिका तपासत राहिले. शुभेच्छुकांच्या यादीतल्या माणसांना फोन करून, तुमचं नाव टाकतायत, तुम्हाला विचारलंय ना, असं विचारायचं खूळ त्यांनी याच वर्षात काढलं. निम्मे लोक नाही म्हणायचे. माझं गिऱ्हाईक थोडं तुटलं, पण त्यांना मी अडवलं नाही. कमळाबाईंचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. वैशाखऱ्याकडचं कुणी दुकानात आलं की मात्र पाऊसपाणी, नाचणी कशी झाली, असं उगाच विचारत बसत. चैत्रात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. सुजाताचा फोन आला तेव्हा मी एका बारशाचं कार्ड जुळवत होते. मी दुकानाचं शटर ओढलं आणि आत बसून रडले. वडील गेले तेव्हाही एवढी रडले नव्हते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फ्लेक्स मीच करणार होते. तात्यांचा फोटो, आणि खाली एक वाक्य, असं सुजातानं सांगितलं. भास्करनं मोबाईलवर सात वाक्यं पाठवली. ज्ञानाचा दीप, शब्दांचा उपासक, अशी. सातांतलं एकही तात्या कधी बोलले नव्हते, आणि त्यांच्याबद्दलही कुणी बोललं नव्हतं. मी एसटी पकडली आणि वैशाखऱ्याला गेले. कमळाबाईंना म्हटलं, तात्या गेले, त्यांच्या फोटोखाली लिहायला तुमचं काही असेल तर सांगा, नसेल तर तसंही चालेल. त्यांनी मला बसवलं. भाकरी दिली. मी खाऊन हात धुतल्यावर त्या बोलल्या आणि मी उतरवून घेतलं. परत वाचून दाखवलं. बरोबर हाय, म्हणाल्या.

“मी त्याला माफ नाय केलं. पन चुकलं म्हनून सांगाया तो माज्या दारात आला. दुसरं कोन आलं नाय.”

दुकानात पडद्यावर ते जुळवलं. भास्करचा फोन आला, म्हणाला, बाकी फर्स्टक्लास आहे, पहिलं तेवढं काढ, शोकसभा आहे, लोक काय म्हणतील? त्यात फोटो मोठा असल्यानं तीन वाक्यं बसतही नव्हती. पहिलं काढलं की नेमकं बसत होतं. मी ते वाक्य माऊसनं धरलं. पडद्यावर ते निळं झालं. एक बटण दाबायचा अवकाश होता. मला ते काढायचं होतं, खोटं कशाला बोलू? माझा माणूस होता तो. त्याच्या फोटोखाली असलं काही मला नको होतं.

सुजाता माझ्या मागं उभी होती. तिनं तीनही वाक्यं वाचली, डोळे पुसले आणि विचारलं, त्यांना विचारून लिहिलंस ना? मी म्हटलं, विचारून. मग राहू दे, ती म्हणाली.

मी तात्यांचा फोटो दोन इंच लहान केला. वाक्य पूर्ण बसलं.